हातची सही

भाऊंच्या सहीला त्या वॉर्डात वजन होतं. एक उभी रेघ, तिच्याभोवती दोन वळसे, मग लांबलचक शेपूट आणि शेपटीखाली दोन टिंबं. त्यात ओळखू येईल असं अक्षर एकही नव्हतं, पण ती शेपूट कागदावर दिसली की अडलेला नळ जोडला जाई आणि बंद पडलेला दिवा लागे. पंधरा वर्षं भाऊ नगरपालिकेत निवडून येत होते आणि पंधरा वर्षं ही सही चालत होती. वॉर्डाला एकच गोष्ट ठाऊक नव्हती. ती सही भाऊंना येत नव्हती.

ती यायची त्यांच्या बायकोला. भाऊंची बायको म्हणून सगळा वॉर्ड तिला वहिनी म्हणे, अगदी तिच्या आईच्या वयाच्या बायकासुद्धा. पहिल्यांदा निवडून आल्यावर महिन्याभरातच भाऊंचा अंगठा गाडीच्या दारात सापडला. अंगठ्याला ही एवढी पट्टी, टेबलावर कागदांचा ढीग आणि दारात माणसं. तेव्हा चहाचे कप आवरता आवरता वहिनींनी पेन हातात घेतलं आणि भाऊंच्या नावानं आपल्याच वळणाची ही शेपूटवाली सही केली. "तात्पुरतं," भाऊ म्हणाले. अंगठा तीन आठवड्यांत बरा झाला, तात्पुरतं मात्र संपलं नाही. "तूच करत जा. तुझी माझ्यापेक्षा बरी येते," असं भाऊंनी एकदा सांगून टाकलं आणि ते मोकळे झाले.

सही वहिनींची, अर्ज वाचणं वहिनींचं, उत्तर लिहिणं वहिनींचं. भाऊंकडे उरलं होतं भाषण. ते मात्र त्यांना झकास जमे. उंटावरून शेळ्या हाकायला माणूस चांगला उंच लागतो, आणि भाऊ सहा फूट होते.

वहिनींची याबद्दल फारशी तक्रार नव्हती. तक्रार होती ती पुलाची. वॉर्डाच्या मधून एक नाला जायचा. अलीकडे घरं, पलीकडे शाळा आणि दवाखाना, आणि मध्ये पूल म्हणून टाकलेले विजेचे दोन जुने खांब. त्यांवरून शाळेच्या मुली हात पसरून तोल सावरत जायच्या. तीन वर्षांपूर्वी वहिनी स्वतःच त्यावरून घसरल्या आणि डावं मनगट मोडून बसल्या. डावं होतं म्हणून बरं, उजवं मोडलं असतं तर त्या वॉर्डाचा कारभार दीड महिना बंद पडला असता. त्या पुलासाठी वहिनींनी भाऊंच्या नावानं सात अर्ज केले होते. सातही अर्ज नगरपालिकेच्या सभेपुढे आले आणि सातही वेळा भाऊ ऐनवेळी उठून बोलले नाहीत. दोनदा ते बाहेर फोनवर होते, एकदा झोप लागली होती, आणि बाकीच्या वेळी, त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर, "विषय कधी येऊन गेला कळलंच नाही."

अशात निवडणूक लागली. भाऊंचे जुने मित्र, ज्यांना घरात वकीलकाका म्हणत, अर्जांचा गठ्ठा घेऊन आले. वकीलकाका ताकही फुंकून पिणारे. त्यांनी भाऊंचा अर्ज काढला, एक वहिनींसाठी काढला आणि एक भाऊंच्या धाकट्या भावासाठी.

"तीन कशाला?" वहिनींनी विचारलं.

"वहिनी, भाऊंचा अर्ज काही कारणानं बाद झालाच तर हाताशी दुसरा हवा. डमी म्हणतात त्याला. भाऊंचा मंजूर झाला की तुमचा मागे घ्यायचा."

"आणि भावजींचा?"

"तो डमीला डमी," वकीलकाका म्हणाले, आणि गठ्ठ्याबरोबर आलेलं शहाण्णव पानांचं पुस्तक त्यांनी टेबलावर ठेवलं. "उमेदवारांसाठी सूचना. हे कुणी वाचत नाही, पण द्यावं लागतं."

वहिनींनी वाचलं. भाजी निवडून झाल्यावर, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, हातात पेन्सिल घेऊन. अकराव्या पानावर उमेदवार कोण होऊ शकतो याची यादी होती. वय एकवीस पूर्ण असावं. वहिनींनी खूण केली, ते पूर्ण होऊन आणखी एकवीस होत आले होते. मतदार यादीत नाव असावं. होतं. न्यायालयानं वेडा ठरवलेलं नसावं. अजून तरी नव्हतं. सरकारी नोकरी नसावी, शिक्षा झालेली नसावी, आपल्याच वॉर्डातला एक मतदार सूचक म्हणून असावा. खुणा करत करत वहिनी पानाच्या तळाशी आल्या. नवऱ्याच्या परवानगीबद्दल काही लिहिलं असेल म्हणून त्यांनी पान उलटून पाहिलं. नव्हतं. मग शेवटच्या पानापर्यंत शोधलं. तिथे फक्त छापखान्याचा पत्ता होता.

वहिनी बराच वेळ त्या पेन्सिलीच्या खुणांकडे बघत बसल्या. पंधरा वर्षं या घरात उमेदवार म्हणजे कुणीतरी वेगळ्याच मातीचा माणूस, अशी त्यांची समजूत होती. आणि इथे तर त्या स्वतः यादीत बसत होत्या, एकही अट न वाकवता. कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून त्यांनी दाराकडे एकदा बघून घेतलं.

चौदाव्या पानावर मात्र एक वाक्य होतं, त्याखाली त्यांनी जाड रेघ मारली. अर्जावर उमेदवारानं स्वतःच्या हातानं सही करणं आवश्यक आहे, अन्यथा अर्ज बाद होईल.

वहिनींचा एक नियम होता. कुठलीही गोष्ट नवऱ्याला तीनदा सांगायची. चौथ्यांदा सांगितलं की लोक त्याला भांडण म्हणतात. पहिल्यांदा त्यांनी सांगितलं तेव्हा भाऊ दाढी करत होते. "अहो, अर्जावर तुमची सही लागते. तुमच्या हातची." भाऊ आरशातूनच "हं" म्हणाले. दुसऱ्यांदा ते फोनवर होते आणि त्यांनी हातानंच 'जा' अशी खूण केली. तिसऱ्यांदा ते तोंडावर वर्तमानपत्र घेऊन आडवे झाले होते.

"अहो, पुस्तकात लिहिलंय. सही स्वतःच्याच हातची हवी."

"कर ना तू," वर्तमानपत्राखालून आवाज आला. "पंधरा वर्षांत कुणी विचारलंय?"

वहिनींनी केली. रेघ, वळसे, शेपूट, टिंबं. यात लबाडी होती का? थोडी होती, उगाच खोटं कशाला बोला. पण तीनदा सांगून झालं होतं, आणि ऐकणाऱ्याचे कान त्याच्याच डोक्याला होते.

स्वतःच्या अर्जावर सही करायची वेळ आली तेव्हा खरी पंचाईत झाली. वहिनींना स्वतःची सहीच आठवेना. पेन टेकवलं की हात आपोआप उभी रेघ ओढून वळसा घ्यायला लागे. शेवटी एका जुन्या वहीच्या मागच्या पानांवर त्यांनी आपलं पूर्ण नाव शाळेत लिहायच्या तसं गिरवलं. साध्या, सुट्या अक्षरांत, चाळीस वेळा. एकेचाळिसावं अर्जावर लिहिलं. अक्षर जरा थरथरलं होतं, पण नाव स्वच्छ वाचता येत होतं.

दुसऱ्या दिवशी वकीलकाका पुन्हा आले. तिन्ही अर्ज त्यांनी तपासले आणि भाऊंच्या अर्जावरची शेपूट बघून मान डोलावली. वहिनींचा सूचक म्हणून स्वतः सही केली. मग बॅगेतून आणखी दोन छापील कागद काढले, माघारीचे. डमींकडून ते आधीच सही करून घ्यायची पद्धत होती, ऐनवेळी कुणाच्या डोक्यात हवा जाऊ नये म्हणून. भावजींनी सही केली. मग कागद वहिनींपुढे आला.

"करा पटकन, मला कोर्टात जायचंय," वकीलकाका म्हणाले.

समोर छापील कागद, बोट ठेवून दाखवलेली जागा, घाईतला पुरुष. अशा वेळी वहिनींचा हात पंधरा वर्षं जे करत आला तेच त्यानं केलं. रेघ, वळसे, शेपूट, टिंबं. दुसरं टिंब दिलं आणि वहिनी चपापल्या. त्यांनी वर पाहिलं. वकीलकाकांनी सही नीट निरखली. पंधरा वर्षं बघितलेली, ओळखीची, विश्वासाची शेपूट होती ती. समाधानानं त्यांनी शाईवर फुंकर मारली.

"अहो काका, ते—" वहिनींनी तोंड उघडलं.

"अगं, काकांना चहा टाक ना आधी," भाऊ म्हणाले.

वहिनींनी तोंड मिटलं आणि चहा टाकला. त्या दिवशी साखर जरा सढळ हातानं पडली.

छाननीच्या दिवशी नगरपालिकेच्या वरच्या मजल्यावरच्या लांब खोलीत सगळे उमेदवार जमले. निवडणूक अधिकारी दोन चष्मे बाळगणारे गृहस्थ होते, एक माणसं बघायला आणि एक कागद बघायला. भाऊंच्या विरुद्ध एकच माणूस उभा होता, शाळेतले निवृत्त ड्रॉइंग मास्तर. सुकलेले, ताठ, खिशात अजूनही पेन्सिल. त्यांच्या हाताखालून निम्मा वॉर्ड गेला होता, आणि त्यात एकेकाळी दोन वेण्या घालणाऱ्या वहिनीही होत्या.

अधिकाऱ्यांनी भाऊंचा अर्ज सगळ्यांना बघायला दिला. मास्तरांनी तो डोळ्यांपासून हातभर लांब धरला, मग जवळ घेतला, मग बोटानं हवेतच ती शेपूट गिरवली.

"माझी हरकत आहे," ते म्हणाले. "ही सही यांची नाही. हा वळसा माझ्या ओळखीचा आहे. सुरुवातीला दाबून आणि सुटताना हलका. वर्गात असा वळसा एकाच मुलीचा होता. मी तिला दहापैकी नऊ देत असे."

खोलीत कुजबुज झाली. वहिनी मागच्या बाकावर बसल्या होत्या, त्यांनी नजर पायांकडे वळवली. भाऊ हसले, अगदी भाषणात हसत तसं. "मास्तर, पंधरा वर्षं हीच सही नगरपालिकेत चालते."

"मग अडचणच नाही," अधिकारी म्हणाले आणि त्यांनी एक कोरा कागद पुढे सरकवला. "इथे एकदा करून दाखवा."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. भाऊंनी पेन घेतलं. उभी रेघ आली. वळशापाशी हात अडखळला, कारण वळसा डावीकडून घ्यायचा की उजवीकडून हेच त्यांना ठाऊक नव्हतं. जे उमटलं ते चिरडलेल्या किड्यासारखं दिसत होतं. "पेन बरोबर नाही," भाऊ म्हणाले. पेन बदललं. दुसऱ्यांदा शेपूट उलट्या बाजूला गेली. तिसऱ्यांदा टिंबं तीन झाली. मग भाऊंनी मागे वळून बायकोकडे पाहिलं. सहा फुटांचा माणूस, पण परीक्षेत शेजारच्याकडे बघणाऱ्या पोरासारखा चेहरा. वहिनींना त्यांची खरोखर दया आली. पण करणार काय, अळीमिळी गुपचिळी.

"कुणी केली ते मी विचारत नाही," अधिकारी चष्मा बदलत म्हणाले. "तुम्ही केलेली नाही एवढं मला पुरे. अर्ज बाद."

मग वहिनींचा अर्ज निघाला. अधिकाऱ्यांनी त्यांनाही कोरा कागद दिला. वहिनींनी आपलं नाव लिहिलं, साधं, सुटं, थोडं थरथरतं. दोन्ही सह्या शेजारी शेजारी धरल्या तर जुळ्या बहिणी. मास्तरांकडे अर्ज गेला तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली. "हरकत नाही. अक्षराचा सराव कमी पडलाय, बाकी ठीक." भावजींचाही अर्ज मंजूर झाला.

घरी पुढच्या खोलीत सभा भरली. सभा म्हणजे भाऊ, वकीलकाका आणि भावजी. वहिनी दाराशी उभ्या. वकीलकाका भाऊंवर चिडले होते, भाऊ मास्तरांवर, आणि भावजी कुणावरच नाही, कारण त्यांनी तोवर फोटोसाठी नवं जाकीट शिवायलाही टाकलं होतं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असाच डोलत असणार.

"झालं ते झालं," वकीलकाका म्हणाले. "आता धाकट्याला उभं करू. वहिनींचा अर्ज मागे घेऊ. घरातले दोघं उभे राहिले तर मतं फुटतील."

"मी उभी राहिले तर?" वहिनी म्हणाल्या.

भावजी हसले. "वहिनी, तुम्ही तिथे जाऊन करणार काय?"

"पुलाचा विषय आला की उठून उभी राहीन," वहिनी म्हणाल्या. "एवढंच तर करायचं होतं. सात वेळा."

भाऊ काहीतरी बोलणार होते, पण मग त्यांचं लक्ष बायकोच्या डाव्या मनगटाकडे गेलं. वकीलकाकांनी मात्र कोटाचा खिसा थोपटला. "वहिनी, रागावू नका, पण तुमची माघार सहीनिशी माझ्याकडे आहे. सूचकही मीच, तेव्हा नेऊन द्यायला तुम्ही लागत नाही. उद्या देऊन टाकतो."

वहिनींनी त्या खिशाकडे पाहिलं. आत कागद होता, कागदावर शेपूट होती. चालली तर सगळं संपलं. भाऊंच्या अर्जावर नाही चालली, पण पंधरा वर्षं तर चाललीच होती, आणि काकांची जीभ कुणालाही गुंडाळील अशी होती. "बरं," एवढंच म्हणून त्या आत गेल्या.

माघारीची मुदत दुसऱ्या दिवशी दुपारी तीनची. वहिनी अडीचलाच जाऊन त्या लांब खोलीबाहेरच्या बाकावर बसल्या. पावणेतीनला वकीलकाका आले, मागोमाग भाऊ आणि नव्या जाकिटातले भावजी. वहिनींना बघून काका जरा बिचकले, पण आत गेलेच. दार उघडं होतं, बाकावरून सगळं दिसत होतं.

अधिकाऱ्यांनी माघारीचा कागद घेतला. कागद बघायचा चष्मा लावला. मग तो काढून माणसं बघायचा लावला आणि वकीलकाकांकडे बघितलं.

"वकीलसाहेब, या बाई आपलं नाव पूर्ण लिहितात. ही शेपूट कुणाची?"

वकीलकाकांनी कागद परत घेऊन पाहिला. आता त्यांना दिसली. इतके दिवस बघूनही जी दिसली नव्हती ती. बाईंची आहे म्हणावं तर अर्जावरच्या सहीशी जुळत नाही. भाऊंची आहे म्हणावं तर बायकोच्या वतीनं माघार घ्यायचा नवऱ्याला अधिकार नाही, शिवाय ही भाऊंनाही येत नाही हे सगळ्या खोलीनं पाहिलेलं.

"ही सही मी आधीच एकदा नाकारली आहे," अधिकारी म्हणाले. "आता दुसऱ्यांदा नाकारतो." मग त्यांनी दाराबाहेर मान वळवली. "बाई, आत या. तुम्हाला माघार घ्यायची आहे का?"

वहिनी आत आल्या. भिंतीवरच्या घड्याळात तीनला सहा मिनिटं कमी होती. समोर नवरा, दीर, काका. सगळे त्यांच्याकडे बघत होते, आणि असं सगळ्यांनी एकदम त्यांच्याकडे बघायची ही पहिलीच वेळ होती.

"नाही," वहिनी म्हणाल्या.

वकीलकाका कसलेला माणूस, हिशोब त्यांना चटकन कळला. घरातले दोन अर्ज, मतं फुटणार, मास्तर आरामात निवडून येणार. पाच मिनिटं उरली होती. त्यांनी दुसऱ्या खिशात हात घातला आणि भावजींच्या माघारीचा कागद टेबलावर ठेवला. त्यावरची सही भावजींचीच होती, शंभर नंबरी. भावजी "अहो काका, माझं जाकीट," एवढंच म्हणाले. अधिकाऱ्यांनी शिक्का मारला.

तीन वाजता दार बंद झालं आणि शिपायानं बाहेर यादी चिकटवली. दोनच नावं होती, एक मास्तरांचं आणि एक वहिनींचं. मास्तर यादीपाशीच उभे होते. "आता तुझ्याविरुद्ध बोलावं लागणार, पोरी," ते म्हणाले.

"बोला सर. पण पूल हवा असं तुम्हीही बोला."

"ते तर बोलणारच," मास्तर म्हणाले. "मीही त्याच खांबांवरून जातो."

घरी आल्यावर भाऊ बराच वेळ रुसून बसले. वहिनींनी चहा ठेवला, कपाशेजारी एक छापील कागद ठेवला आणि वर पेन. उमेदवाराचा प्रतिनिधी नेमायचा कागद होता. मतदानाच्या दिवशी केंद्रावर बसायला, लोकांशी बोलायला कुणीतरी लागणार होतं, आणि बोलण्यात भाऊंचा हात धरणारं त्या वॉर्डात दुसरं कुणी नव्हतं. भाऊंनी कागद वाचला. चेहरा थोडा खुलला. मग सहीच्या जागेपाशी येऊन ते थांबले आणि त्यांनी पेन बायकोपुढे केलं.

"तूच कर ना."

"पुस्तकात लिहिलंय," वहिनी म्हणाल्या. "हे पहिल्यांदा सांगतेय."

भाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग वर्तमानपत्र ओढलं आणि त्याच्या कडेला सराव सुरू केला. उभी रेघ, वळसा, किडा. पुन्हा किडा. शेवटी त्यांनी शेपटीचा नाद सोडला आणि कागदावर आपलं पूर्ण नाव लिहिलं, मोठ्या, वाकड्यातिकड्या अक्षरांत, जीभ दातांत धरून. मग कागद बायकोपुढे सरकवला.

"वाचता येतंय का?"

"येतंय," वहिनी म्हणाल्या. "पंधरा वर्षांत पहिल्यांदाच."